सतरा ग्लास

शुक्रवारी सुयोग लिफ्टचं ग्रीस नखांत घेऊनच येतो.
तोवर मी पिशवीत पाण्याची बाटली, वही
आणि एका डब्यात कारल्याच्या काचऱ्या भरून ठेवते.

जोगेश्वरीहून मरोळ. रिक्षा.
तो म्हणतो, दादा, जरा खड्डे बघून.
रिक्षावाला आरशातून आधी माझ्या पोटाकडे बघतो, मग रस्त्याकडे,
म्हणतो, खड्डे सोडून इथं काय उरतं ते दाखवा, त्यावरून नेतो.

छापखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, ती जागा.
खाली अजून लग्नपत्रिका छापतात,
म्हणून जिन्यात शाईचा वास, आणि वर पोचलं की
भिजल्या सातूचा.
पूर्वी मला एवढंच कळायचं.
आता पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं
दुपारी कुठली भाजी खाल्ली, तेही कळतं.

तिसऱ्या महिन्यात फोडणी सोसेना,
सुयोगचा साबण सोसेना, मग सुयोगच सोसेना.
सासूबाई चिपळूणहून म्हणाल्या, चिंच चोख गं, कैरी मागव.
कसं सांगू, आई,
मला डोहाळे लागलेत कडूचे.
रात्री अकराला हा माणूस कारली चिरत बसला,
मीठ लावून पिळलेलं पाणी मोरीत ओतायला निघाला,
तर मी ओरडले, थांब!
वास घेऊ दे.

सोनोग्राफीच्या बाहेर बाकावर बसून
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही
ही पाटी आम्ही इतक्यांदा वाचली
की त्यातली वेलांटी चुकल्याचंही सापडलं.
आत पडद्यावर नुसता करडा फेस.
डॉक्टर म्हणाल्या, हा पाठीचा कणा.
सुयोग म्हणाला, हो, हो.
घराजवळ आल्यावर म्हणाला,
मला काही दिसलं नाही गं.

तो एकच ग्लास घेतो. आधी माझ्यापुढे सरकवतो.
मी नाक खाली आणते, फेसाला न शिवता.
सांगते, ओल्या पोत्यातले पेरू.
सांगते, खडीसाखर, करपलेली.
तो घोट घेतो, छताकडे बघतो. पेरू नाही, म्हणतो, पपनस.
मसाल्याच्या कंपनीत सात वर्षं मी नाकावर पगार घेतेय
आणि हा लिफ्टवाला मला पपनस शिकवणार!

मग वही. तारीख, नाव, वास,
आणि शेवटी त्याच्या अक्षरात : देणे एक.
बाळंतपण, त्यानंतर अंगावरचं दूध तुटेपर्यंत,
म्हणजे दोनेक वर्षांची उधारी.
व्याज लागेल, म्हटलं.
रात्रीची दुपटी मी धुतो, म्हणाला.
तेही लिहून घेतलं. सही घेतली.

एकदा मध्येच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.
ग्लास टेबलाखाली, सुयोगच्या गुडघ्यांत.
मागं एवढा गोंगाट कसला?
लग्न आहे, आई.
अगदीच खोटं नव्हतं,
खाली मशीन खडखडत होतं, कुणाकुणाची नावं
कुणाकुणाला चिकटवत.

तेविसाव्या आठवड्यात मला सर्दी झाली.
ग्लास समोर, आणि मी ठार आंधळी.
नुसतं थंड.
सुयोग म्हणाला, थांब, सांगतो.
घोट घेतला. बराच वेळ घेतला.
संत्र्याची साल, म्हणाला,
वाळत घातलेली. खिडकीत. जाळीच्या खिडकीत.
आणि खाली, खूप खाली,
आपली कारली.

पपनसवाला माणूस.
मी लिहिलं : संत्र्याची साल, जाळीची खिडकी.
पुढे त्यानं लिहिलं, देणे एक. एकूण सतरा.

रिक्षा मिळेना म्हणून जिन्यात बसलो.
काचऱ्या संपल्या होत्या, तो डब्यातलं मीठ बोटानं टिपत होता.
शाईचा वास येत असणार.
येतोय का, मी विचारलं.
येतोय, म्हणाला.